अडकणाऱ्या चित्रातला चोर

एका जंगलात, नदीच्या अलीकडच्या काठाला, एक साळिंदर राहत होतं. साळिंदराच्या अंगभर काटे असतात हे तुम्हाला ठाऊक आहे. वाघसुद्धा त्याच्या वाटेला जात नाही. अशा या साळिंदराने एके दिवशी स्वतःच्या रक्षणासाठी कॅमेरा विकत घेतला.

हसू नका मुलांनो. ते साळिंदर म्हणजे मीच.

माझं नाव दिगंबर. जंगलाच्या पाणवठा खात्यात मी तीस वर्षं नोकरी केली. कोण किती वाजता पाणी प्यायला आलं याची नोंद ठेवायची, हे माझं काम. निवृत्त झाल्यावर नोंद ठेवण्यासारखं काही उरलं नाही. माझी बायको शालन म्हणाली, "आता जरा आराम करा." मी आराम करायला बसलो. आठवडाभरात मला संशय यायला लागले.

त्यातच आमच्या 'जंगल परिवार' या ग्रुपवर निरोप आला. पलीकडच्या टेकडीवर चोर फिरत आहेत, सावध राहा, दहा जणांना कळवा. मी दहा जणांना कळवलं. मग कळवायला कोणी उरलं नाही, म्हणून कॅमेरा मागवला.

"आपल्याकडे चोरण्यासारखं आहे काय?" शालनने विचारलं.

मी घरभर बघितलं. मग अंगणात बघितलं. उन्हाळ्याचे दिवस होते. शालनने गुळाच्या पाकात घोळवलेले रताळ्याचे काप सुपांत पसरून उन्हात ठेवले होते. वर पातळ फडकं टाकलं होतं.

"हे आहेत ना," मी म्हणालो.

अंगणातल्या खांबावर कॅमेरा बसला. घरातल्या कोनाड्यात वायफायचा डबा होता. कोनाडा आणि अंगण यांच्या बरोबर मध्ये माझी खुर्ची. खुर्चीत बसून मी मोबाइलवर अंगण बघायचो. मान वर केली असती तर खिडकीतून तेच अंगण दिसलं असतं. पण खिडकीत रेकॉर्डिंग होत नाही.

आता शेजारी कोण ते सांगतो. कुंपणापलीकडे केरूनाना मुंगूस राहत. वीस वर्षांचा शेजार. जंगलाच्या धान्यभांडाराची किल्ली अकरा वर्षं नानांकडे होती, आणि अकरा वर्षांत एक दाणा इकडचा तिकडे झाला नव्हता. रोज दुपारी तीन वाजता मी त्यांच्याकडे चहाला जायचो. घुबड डॉक्टरांनी माझं गोड बंद केलं तेव्हापासून नाना स्वतःही बिनसाखरेचा चहा पीत. "तुम्हाला एकट्याला कडू कसा देऊ?" असं म्हणत.

कॅमेरा आला आणि माझं चहाला जाणं बंद झालं. तीन वाजता अंगण सोडून जायचं कसं? चोर नेमके तेव्हाच येतात असं ग्रुपवर लिहिलं होतं.

चौथ्या दिवशी पहिला घोटाळा झाला. तीन वाजले होते. शालन नदीवर धुणं घेऊन गेली होती. मी मोबाइलकडे बघत होतो. कुंपणाच्या फाटकाशी काहीतरी हललं आणि मी दचकलो. बघतो तर नाना. त्यांनी फाटकावर हात ठेवला आणि चित्र अडकलं.

पडद्यावर एक गोल चक्र फिरायला लागलं. त्याच्या मागे नाना तसेच उभे. हात फाटकावर, पाय अर्धा उचललेला, एक डोळा मिटलेला. मी वाट बघितली. मोबाइल आपटून बघितला. शेवटी उठलो, अंगणात गेलो, कॅमेऱ्याची काच धोतराच्या सोग्याने पुसली आणि परत येऊन बसलो. दहा मिनिटांनी चित्र सुरू झालं. अंगण रिकामं होतं. नाना गेले होते.

संध्याकाळी शालनने फडकं काढलं. "अहो, एका सुपातले काप कमी वाटताहेत," ती म्हणाली. "पाखरांनी नेले असतील. जाऊ द्या."

मी जाऊ दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी तेच झालं. तीन वाजता नाना आले, चित्र अडकलं, मी कॅमेरा तपासून आलो, काप कमी. तिसऱ्या दिवशीही तेच. दिवसभर चित्र झुळझुळ वाहायचं. कावळा आला तरी नीट दिसायचा. पान पडलं तरी दिसायचं. फक्त नाना आले की थांबायचं.

मी पाणवठा खात्यातला माणूस. म्हणजे साळिंदर. दोन नोंदी जुळल्या की मला तिसरी लिहायची घाई होते. मी मनात लिहिलं : नाना येतात, कॅमेरा बंद पाडतात, काप नेतात.

"नानांना सरळ विचारा ना," शालन म्हणाली.

"पुराव्याशिवाय विचारणं बरं दिसत नाही," मी म्हणालो, आणि अडकलेल्या चित्राचा फोटो ग्रुपवर टाकला. खाली फक्त एवढंच लिहिलं : 'ओळखा पाहू. मी काही बोलत नाही.'

मी काही बोललो नाही, पण जंगल बोललं. एक डोळा मिटलेला कोणीही लबाड दिसतो. हरणीने लिहिलं, मला तर आधीपासूनच शंका होती. सशाने लिहिलं, कोणावर विश्वास ठेवायचे दिवस राहिले नाहीत. माकडाने नुसता डोळे वटारलेला चेहरा टाकला. आठवडाभरात पंचांनी नानांकडून भांडाराची किल्ली काढून घेतली. शिक्षा म्हणून नव्हे हो, चौकशी पूर्ण होईपर्यंत. तोवर ती घुशीकडे दिली.

नानांनी किल्ली दिली. कोणाला काही विचारलं नाही. मी खिडकीच्या पडद्याआडून त्यांना पंचांच्या घरून परत येताना बघितलं. ते रोज चालायचे त्यापेक्षा हळू चालत होते. मला जरा कसंतरी झालं. मग मी स्वतःला सांगितलं, चोर पकडला गेला की असंच चालतो.

पण पुरावा हवा होता. चित्र अडकतं तिथेच सगळं अडकलं होतं. मी कंपनीला फोन लावला.

तिकडे पोपट बसले होते. "आपला फोन आमच्यासाठी मोलाचा आहे," पहिला पोपट म्हणाला, आणि त्याने तो मोलाचा फोन दुसऱ्या पोपटाकडे दिला.

"कॅमेरा बंद करून चालू केलात का?" दुसऱ्याने विचारलं.

"केला."

"डबा बंद करून चालू केलात का?"

"तोही केला."

"मोबाइल?"

"तोही."

"मग आता तिघांना एकदम बंद करून एकेक चालू करा."

मी तेही केलं. नाना आले, चित्र अडकलं. तिसऱ्या पोपटाने ॲप काढून पुन्हा टाकायला सांगितलं. पुन्हा टाकताना त्याने पासवर्ड मागितला. पासवर्ड मी कोणालाही सापडणार नाही अशा जागी लिहून ठेवला होता. तो मलाही सापडला नाही. चौथ्या पोपटाने चित्राचा दर्जा कमी करायला सांगितलं. तेव्हा नाना आले की चौकोनी दिसायचे आणि मगच अडकायचे.

पाचवा पोपट म्हणाला, "वायफायच्या वाटेत काही आड येतं का ते बघा."

मी बघितलं. वाटेत शालनचा चाफा होता. लग्न झालं त्या वर्षी तिने लावलेला. त्याची एक फांदी कॅमेऱ्याच्या बाजूला झुकली होती. मी ती तोडली. फांदीला कळ्या होत्या.

शालन नदीवरून आली. तिने फांदी बघितली, मला बघितलं आणि आत गेली. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाली, "आता तरी दिसतं का नीट?"

नीट दिसत नव्हतं. तीन वाजता नाना आले आणि चित्र अडकलं.

शेवटी शालननेच गोदाताईला बोलावलं. गोदाताई म्हणजे आमच्याकडची सुगरण. खोपे विणता विणता तिला वायरींचं काम जमायला लागलं होतं. जंगलातली निम्मी जोडणी तिच्या चोचीची. ती आली, खांबावर बसली, मग कोनाड्यात जाऊन बसली, डब्याभोवती दोन चकरा मारल्या आणि मला म्हणाली, "काका, तुम्ही रोज जसे बसता तसे बसा."

मी खुर्चीत बसलो. मोबाइलवर अंगण स्वच्छ दिसत होतं.

"आता जरा रागवा."

"कारण नसताना कसा रागवू?"

"तीन वाजता कोणाची तरी वाट बघता असं काकू म्हणाल्या. त्यांना आठवा."

मी नानांना आठवलं. त्यांचा तो मिटलेला डोळा आठवला. पाठीवर काहीतरी सळसळलं. माझे काटे एकेक करून उभे राहिले. खुर्ची भरली, कोनाडा झाकला गेला. मोबाइलवर गोल चक्र फिरायला लागलं.

"सापडला अडथळा," गोदाताई म्हणाली. मग शालनकडे वळून तिने विचारलं, "यांना इथून हलवता येईल का?"

"तीस वर्षं बघतेय," शालन म्हणाली.

मुलांनो, इथे एखाद्या शहाण्या प्राण्याला समजलं असतं. डबा कोनाड्यात, कॅमेरा अंगणात, मध्ये मी. नाना दिसले की मला राग येतो, राग आला की काटे उभे राहतात, काटे उभे राहिले की चित्र थांबतं. यात नानांचा काय दोष?

मला वेगळंच समजलं. मी शालनला म्हणालो, "बघ किती धूर्त आहे. मला राग यावा म्हणून मुद्दाम समोर येतो. माझ्याच काट्यांनी माझाच कॅमेरा बंद पाडतो."

शालनने हातातलं भांडं खाली ठेवलं. "तुम्हाला निवृत्त करायला नको होतं," ती म्हणाली.

गोदाताईने सांगितलं, खुर्ची भिंतीकडे सरकवा, काम झालं. मी सरकवली नाही. ती माझी जागा होती. मग बिचारीने डब्यापासून खांबापर्यंत वायर ओढली. आता मी कितीही रागावलो तरी चित्र थांबणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता मी तयारीत बसलो. किल्ली गेल्यावरही नाना येत होते हे विशेष. त्या दिवशीही आले. माझे काटे उभे राहिले. चित्र थांबलं नाही. नाना फाटक ढकलून आत आले, सुपांकडे वळले आणि वाकले. मला एवढंच हवं होतं. मोबाइल मी खुर्चीवर पालथा टाकला, ग्रुपवाल्यांना काय लिहायचं ते ठरवत येरझाऱ्या घातल्या, आणि चोरी झाल्याची खात्री करायला अंगणात गेलो. नाना निघून गेले होते. काप कमी होते.

मी तडक पंचांना निरोप दिला. संध्याकाळी पाच वाजता माझ्या अंगणात यावं, पुरावा दाखवतो. आधी आपण बघावं असं मला वाटलं नाही. ज्याला पुराव्याची खात्री असते तो पुरावा कशाला बघेल?

पाच वाजता सगळे आले. पंचांचे प्रमुख आबासाहेब रानगवा मध्ये बसले. हरीण आली, ससा आला, घुबड डॉक्टर डोळे चोळत आले. नानाही आले. ते सगळ्यांच्या मागे, चाफ्याच्या बुंध्याशी उभे राहिले. मी घरातला टीव्ही बाहेर आणला होता. गोदाताईने तो जोडून दिला. शालनने सगळ्यांना पाणी दिलं. नानांना आधी दिलं.

चित्र सुरू झालं. काय स्वच्छ चित्र होतं ते. फडक्याची वीणसुद्धा दिसत होती.

पडद्यावर नाना फाटकाशी आले. घराकडे बघून त्यांनी हाक मारली. आवाज नव्हता, पण तोंड हललेलं दिसलं. दोन शब्द होते. 'अहो दिगूभाऊ' असेल किंवा 'आहात का' असेल. उत्तर आलं नाही. तेवढ्यात वारा आला आणि सुपावरचं फडकं उडालं. चार काप मातीत पडले. कुंपणावरचा कावळा खाली उतरला. नाना आत आले, त्यांनी कावळा हाकलला. वाकून काप उचलले, झटकले, सुपात ठेवले. फडकं नीट पसरलं आणि त्यावर चारी बाजूंना चार दगड ठेवले. मग उभे राहिले. खिडकीकडे बघितलं. थोडा वेळ तसेच बघत होते. मग फाटक लावून निघून गेले.

हरीण सशाकडे बघायला लागली.

मी टीव्ही बंद करायला उठलो. "असू द्या," आबासाहेब म्हणाले.

पडद्यावर घराचं दार उघडलं. एक साळिंदर बाहेर आलं. घाईत होतं. सुपापाशी आलं, वाकलं, फडकं वर केलं, आत बघितलं, मान हलवली. आणि मान हलवता हलवता त्याचा हात सुपात गेला. मूठभर काप तोंडात. चावत चावत ते कॅमेऱ्याकडे गेलं, काच पुसली. परत येताना आणखी एक मूठ. मग कपाळाला आठ्या घालून, गाल फुगलेले, घरात गेलं.

"दिगंबरराव," आबासाहेबांनी विचारलं, "हे शेवटी आलेले कोण?"

"मी," मी म्हणालो.

"तोंडात काय होतं?"

"दिसतंय ते खरं असेल तर काप."

"पुन्हा एकदा लावा."

पुन्हा लावलं. मग सशाला नीट दिसलं नव्हतं म्हणून तिसऱ्यांदा लावलं. तिसऱ्या वेळी घुबड डॉक्टर पुढे सरकले. "गोड बंद केलं होतं ना?" त्यांनी हळूच विचारलं.

मुलांनो, शपथेवर सांगतो, मला त्यातलं काहीही आठवत नव्हतं. मी गोड सोडलं होतं. भेटेल त्याला तसं सांगत होतो. पण वाळत घातलेल्या वस्तूशेजारून जाताना लहानपणापासून माझा हात आपोआप जातो. रोज चित्र अडकलं की मी कॅमेरा बघायला जायचो आणि रोज हात जायचा. चोर पकडण्याच्या नादात असलो की मी काय खातो याकडे माझं लक्ष नसतं.

आबासाहेबांनी नानांना पुढे बोलावलं. "तुम्ही रोज तीनला इथे कशाला येत होता?"

"दिगूभाऊ चहाला येईनासे झाले," नाना म्हणाले. "आजारी आहेत का बघायला यायचो. खिडकीतून दिसायचे. काटे उभे असायचे. म्हणायचो, आज रागात आहेत, उद्या बघू."

"मग हे आधी का नाही सांगितलंत?"

"कोणी विचारलं नाही."

सगळे खाली बघायला लागले. मी तर कुठे बघावं ते मला कळत नव्हतं, कारण टीव्हीवर मी होतो आणि समोर नाना होते.

किल्ली नानांना परत मिळाली. भांडार मात्र महिनाभरात चांगलंच हलकं झालं होतं. घूस म्हणाली, धान्य उन्हाने आटलं. तिथे कॅमेरा नव्हता, त्यामुळे कोणाला शंका आली नाही.

मी ग्रुपवर माफी मागायला बसलो. तीन दिवस लिहिलं आणि खोडलं. शेवटी लिहिलं, 'केरूनाना निर्दोष आहेत. काप मी खाल्ले. मला क्षमा करावी.' हरणीने लिहिलं, मला तर आधीपासूनच वाटत होतं. मग सशाने सूर्योदयाचं चित्र टाकलं, आणि माझी माफी वर सरकून दिसेनाशी झाली.

पण ग्रुपवरच्या माफीने कुंपण ओलांडता येत नाही. ते पायांनीच ओलांडावं लागतं. पंधरा दिवस माझे पाय तयार होत नव्हते. शेवटी शालनने एक डबा हातात दिला. "काप आहेत. नानांना द्या. वाटेत उघडू नका."

मी गेलो. नाना दारातच स्टुलावर उभे होते. दारावर नवा कोरा कॅमेरा बसवत होते.

"नाना, हे काय?"

"पुन्हा कोणी विचारलं तर माझ्याकडेही काही असावं," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

मी डबा पुढे केला. "माझं चुकलं," म्हणालो. एवढंच म्हणता आलं. येताना भाषण तयार केलं होतं, ते आठवलं नाही.

नानांनी डबा घेतला, उघडून बघितला. "भरलेला आहे," ते म्हणाले. मग झाकण लावत म्हणाले, "चित्र अडकतंय. तुम्हाला यातलं कळतं म्हणतात."

मी आत गेलो. पहिल्या नजरेत कळलं. वायफायच्या डब्याचा प्लग अर्धवट बाहेर होता. बोटाने ढकलला असता तर काम झालं असतं. मी प्लगकडे बघितलं, नानांकडे बघितलं.

"अवघड दिसतंय," मी म्हणालो. "दोन-तीन दिवस यावं लागेल."

"या की," नाना म्हणाले, आणि त्यांनी चहाचं आधण ठेवलं.

दुसऱ्या दिवशी गेलो. डबा बंद करून चालू केला. तिसऱ्या दिवशी ॲप काढून पुन्हा टाकलं. चौथ्या दिवशी चित्राचा दर्जा कमी केला. पोपटांनी मला जे जे सांगितलं होतं ते सगळं मी हळूहळू, क्रमाने केलं. आता याला चार महिने झाले. चित्र अजून अडकतं. अडकलं की आम्ही दोघं थोडा वेळ त्या चक्राकडे बघतो, मग चहा पितो.

परवा मी जरा लवकर गेलो. दार उघडंच होतं. नानांची पाठ माझ्याकडे होती. प्लग बहुतेक आपोआप आत बसला असावा, कारण चित्र अगदी नीट चालू होतं. नाना खाली वाकले आणि त्यांनी तो प्लग दोन बोटांनी अर्धा बाहेर ओढला.

मी चार पावलं मागे गेलो, मोठ्याने खाकरलो आणि मग आत शिरलो.

"आज पण अडकलंय का?" मी विचारलं.

"काल होतं त्याहून जास्त," नाना म्हणाले.

तात्पर्य, जे मुलांनी पाठ करावं आणि मोठ्यांना न शिकवताच येतं : कॅमेऱ्याचं चित्र अडकत असेल तर ते कधीही दुरुस्त करू नये. अडकलेल्या चित्रात चोर शेजारचा असतो. चित्र सुरळीत झालं की तो घरचा निघतो, आणि घरच्या चोराला लपवायला जंगलात जागा नसते.